न्यूयॉर्क का जर्मनी? तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर (लांबलंय, सवडीनं वाच)

परवा रात्री तुझा प्रश्न वाचला. तू लिहिलंस, ताई मी लातूरची, संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र केलं, एकांकिका केल्या, आता पोस्टमॉडर्न डान्स शिकायचाय, न्यूयॉर्कला जाऊ का जर्मनीला, नवरा तयार आहे, पोरगा पाच वर्षांचा आहे, दोन्हींत फरक काय, तिकडं एकटेपणा असतो का, तुम्ही दोन्हीकडं राहिलात म्हणून विचारायले. एवढंच. मी दोन ओळीत उत्तर देऊन टाकणार होते पण झोपच येईना, उठून चहा केला आणि लिहायला बसले, ते आज तिसऱ्या दिवशी संपवायले. फी किती, व्हिसा कुठला, बँकेत किती पैसे दाखवायचे हे मी लिहिणार नाही, ते सरकारी साईटवर आहे आणि सारखं बदलतं, तू माझ्यापेक्षा नीट वाचशील.

मी अंबाजोगाईची. तुझ्याच डिपार्टमेंटची, तुझ्या वीसेक वर्षं आधी. २००३ ला लग्न करून न्यू जर्सीत गेले, २०११ ला जर्मनीत आले, वुपर्टालजवळ, आणि अजून इथंच आहे.

नाचाचं सांगायच्या आधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती सोडून मला ह्या दोन देशांचा नाच सांगताच येत नाही. २००२ च्या दिवाळीनंतर परळीकडचं एक स्थळ आलं होतं. बैठकीत सतरंजी, पोहे, नाना, म्हणजे माझे वडील, इस्त्रीच्या शर्टात. मुलाची आत्या म्हणाली, बाळा जरा पाणी आणतीस का. पाण्याचा तांब्या तिच्या पुढ्यातच होता. आपल्याकडच्या कुठल्याही पोरीला कळतं की पाणी नकोय, चाल बघायचीय. मी आत गेले, बाहेर आले. मग म्हणाली फुलपात्र पण आण, म्हणजे परत एकदा. मग वेणी पुढं घ्यायला लावली, तळहात बघितले, आणि उगं काहीतरी बोलून हसवलं, दात दिसावेत म्हणून. तोपर्यंत मी तीन वर्षं स्टेजवर चालत होते गं, स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस होतं माझ्याकडं, पण स्वयंपाकघराच्या दारापासून सतरंजीपर्यंतच्या त्या अकरा पावलांत माझे गुडघे माझे राहिले नाहीत. ते स्थळ जमलं नाही. पुढचं जमलं, पण तिथंही चालून दाखवावंच लागलं.

आता न्यूयॉर्क. न्यू जर्सीत माझा व्हिसा डिपेंडंट, एच-४. तेव्हा त्याच्यावर नोकरी करायची परवानगीच नव्हती, काही जणींना ती २०१५ पासून मिळायला लागली म्हणजे मी निघून आल्यावर. सकाळी हे ऑफिसला गेले की मी आणि भिंती. एका सोमवारी न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेननं नाइन्थ स्ट्रीटला उतरले आणि चालत चालत वॉशिंग्टन स्क्वेअरला गेले, तिथं बागेच्या दक्षिणेला जडसन मेमोरियल चर्च आहे, पिवळट विटांचं. सोमवारी संध्याकाळी तिथं मूव्हमेंट रिसर्च नावाची संस्था प्रयोग करते, फुकट. मला तेव्हा फुकट एवढंच दिसलं होतं. आत एक माणूस अर्धा तास स्वेटर काढायला होता आणि घालायला होता, बास. मला राग आला. स्पर्धेत पस्तीस मिनिटांत पडदा पाडायची सवय असलेली मी, आणि हा स्वेटरच काढायला. पण पुढच्या सोमवारी परत गेले, आणि मग वर्षानुवर्षं जातच राहिले.

पोस्टमॉडर्न डान्स जिथं सुरू झाला ती हीच जागा, हे नंतर कळलं. १९६० च्या सुमाराला रॉबर्ट डन म्हणून एक संगीतातला माणूस, जॉन केज ह्या संगीतकाराकडं शिकलेला, मर्स कनिंगहॅम ह्या नृत्यकाराच्या स्टुडिओत नृत्यरचनेचा वर्ग घ्यायचा. त्याच्याकडं चांगलं-वाईट असा निकाल नसायचा, हे कशातून केलंस एवढंच बोलायचं. त्या वर्गातल्या मंडळींना, इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्स्टन, ट्रिशा ब्राउन, डेव्हिड गॉर्डन, डेबोरा हे, ह्यांना प्रयोगाला जागा पाहिजे होती ती ह्या चर्चनं दिली. ६ जुलै १९६२, १४ जणांच्या २३ रचना, तिकीट नाही, उन्हाळ्याचा उकाडा. सरकारचा एक पैसा नाही, कारण कलेला पैसे देणारी तिकडची केंद्र सरकारची संस्थाच मुळी १९६५ ला निघाली. सगळे पोटासाठी दुसरंच काहीतरी करायचे आणि रात्री हे. तू न्यूयॉर्कला गेलीस तर आजही हेच आहे हे लक्षात ठेव, मी ओळखत होते त्यातली एक जण कुत्री फिरवायची, एक जण दातांच्या डॉक्टरकडं फोन घ्यायची, चाळिशीच्या बाया, आणि दोघी अशा नाचायच्या की आपल्याला श्वास घ्यायचं भान राहू नये.

रेनरनं १९६५ ला लिहून ठेवलं की भपका नको, कसरत नको, जादू नको, प्रेक्षकाला भुलवणं नको. पुढच्या वर्षी तिनं ट्रायो ए केलं, पाचेक मिनिटांचं, एकही हालचाल पुन्हा येत नाही, कुठं जोर नाही कुठं थांबा नाही, आणि नाचणारीनं प्रेक्षकाकडं बघायचंच नाही, मान फिरवायची नाहीतर डोळे दुसरीकडं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खूप वेळ गप्प बसले. खाली बघणं मला येत होतं, सतरंजीवर बसून मी तेच केलं होतं. पण तिथं मी खाली बघत होते कारण वर बघायची मला मुभा नव्हती. रेनर बघत नाही कारण ती कामात आहे, कुणी बघायलंय का नाही ह्याच्याशी तिला देणंघेणं नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण बाईच्या आयुष्याचा फरक आहे त्याच्यात.

आणि पॅक्स्टन. १९६७ चं सॅटिस्फाइंग लव्हर. चाळीसेक माणसं, रोजच्या कपड्यांत, एका बाजूनं येतात आणि दुसऱ्या बाजूला चालत जातात, कुणी मधे थांबतं, कुणी खुर्चीवर बसतं, उठतं, जातं. संगीत नाही, काही नाही. जाडी माणसं, लंगडणारी, ठेंगणी, सगळी. २००७ ला एका वर्कशॉपमध्ये आम्ही तसं केलं. माझा नंबर आला, मी निघाले, आणि मधेच लक्षात आलं की माझ्या पायांत काही खोड आहे का हे इथं कुणी बघत नाहीये. मोजली नाहीत पण अकराच्या वर पावलं होती. पलीकडं पोचल्यावर भिंतीकडं तोंड करून रडले. आमच्या ह्यांना मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही, तुला सांगायले.

पण अर्धवट सांगितलं तर तुझी फसवणूक होईल. त्याच दिवशी चहाच्या वेळेला एक बाई आली, मनापासून, प्रेमानं, आणि म्हणाली तू किती सुंदर चालतीस, एकदम भारतीय, हे देवळातल्या नाचातून येतं का. मी ट्रॅकपँटमध्ये होते. मी भरतनाट्यम एक दिवस शिकलेली नाही. जडसनचे लोक जवळपास सगळे गोरे होते, ते चालले की 'माणूस चालतोय' असं झालं. मी चालले की 'भारत चालतोय' झालं. साधं शरीर, तटस्थ शरीर हे जे त्यांनी कमावलं ते मला पुरतं कधी मिळालंच नाही, दोन मिनिटं मिळालं आणि काढून घेतलं. तिथली आठ वर्षं मी ते दोन मिनिटांचं परत मिळवायला घालवली असं आता वाटतं. तुला वेगळं अनुभवायला मिळेल का? जग बदललंय म्हणतात. मी खात्रीनं सांगू शकत नाही.

कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन पण तिकडंच भेटेल, ते पॅक्स्टननंच १९७२ ला सुरू केलं, दोन शरीरांनी एकमेकांवर वजन टाकायचं आणि त्यातून जे होईल ते. शिक. पण पहिल्या दिवशी अनोळखी पुरुषाच्या पाठीवर पालथं पडायची वेळ आली की अंगात आपलं सगळं गाव गोळा होतं, त्याची तयारी ठेव. मी वर्षभर घरी योगाच्या क्लासला जाते म्हणून सांगत होते.

जर्मनीचं सुरू होतं कागदांपासून, त्यामुळं तेच आधी. हे पुढं आले, मी आणि पोरगं सात महिने अंबाजोगाईला अडकलो. का तर जन्माचा दाखला. माझ्या जन्मनोंदीत नावच नाही, 'स्त्री' एवढंच आणि बापाचं नाव. शाळेच्या टीसीवर एक नाव, बारावीच्या मार्कमेमोवर आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, पासपोर्टवर सासरचं आडनाव. परदेशात कागद चालावेत म्हणून आपलं सरकार मारतं तो अपॉस्टिलचा शिक्का तिकडं चालला नाही, त्यांनी कागद खरे का खोटे हे तपासायला माणूस पाठवला. तो गल्लीत आला, शेजारच्या काकूंना विचारून गेला, ही खरंच ह्यांचीच मुलगी का, लग्न झालंय का, कधी झालं. काकूंना वाटलं धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची चौकशी आहे, त्यांनी आमच्या घराण्याचं तोंड भरून कौतुक केलं, पोरी कामाला वाघ आहेत म्हणाल्या. नानांना मात्र ते लागलं. चाळीस वर्षं शाळेत मास्तर होते, सगळ्या गावाच्या दाखल्यांवर सह्या केल्या, आणि स्वतःच्या लेकीसाठी कुणीतरी गल्लीत विचारून गेलं. म्हणून तुला हात जोडून सांगते, तिकिटाआधी, पोर्टफोलिओच्या आधी, नगरपालिकेत जाऊन तुझ्या आणि लेकराच्या जन्मनोंदीत नाव आहे का बघ, सगळ्या कागदांवर तुझ्या आईचं नाव एकसारखं आहे का बघ. एका वेलांटीनं माझे दोन महिने खाल्ले.

मी वुपर्टालला आले तेव्हा इथली मोठी नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश जाऊन दोन वर्षं झाली होती, ती जून २००९ ला गेली. गाव साधं आहे, जुन्या कापडगिरण्यांचं, डोंगरउतारावरचं, नदीवरून लटकत जाणारी ट्रेन आहे १९०१ पासूनची, पाऊस फार. इथं नाचाची एवढी मोठी गोष्ट घडली हे रस्त्यावर चालताना कळतच नाही.

एक समजून घे, इथं तिच्या कामाला सहसा कुणी पोस्टमॉडर्न डान्स म्हणत नाही, टान्सथिएटर म्हणतात, आणि त्याची मुळं वेगळी आहेत. अमेरिकेतल्या लोकांनी आधीच्या पिढीच्या तंत्राशी, तिच्या नाटकी भावनांशी भांडण काढलं. इथं मधे हिटलर येऊन गेलेला. कुर्ट योस ह्या नृत्यदिग्दर्शकानं १९२७ ला एसेनमध्ये फोल्कवांग ह्या कलाशाळेचा नृत्यविभाग उभा केला, १९३२ ला युद्धाविरुद्ध द ग्रीन टेबल हा नाच केला, आणि १९३३ ला त्याला देश सोडावा लागला कारण सोबतच्या ज्यू कलावंतांना काढायला तो तयार झाला नाही. युद्धानंतर तो परत आला आणि त्याच्याकडं १९५५ पासून शिकायला लागली ती चौदा-पंधरा वर्षांची पिना. मग ती न्यूयॉर्कला गेली, जुलियार्ड ह्या तिथल्या कलाशाळेत शिकली, आणि परत आली १९६२ ला, म्हणजे जडसनचा पहिला प्रयोग झाला त्याच वर्षी. मला हे फार छळतं. तिथं लोक भावना झटकून टाकायला निघाले होते त्याच वर्षी ही सगळ्या भावना घेऊन घरी परतली.

आणि पैशाचं बघ. तिकडं चर्चचा फुकटचा हॉल. इथं १९७३ ला तिला वुपर्टालच्या नगर नाट्यगृहानं बॅलेची प्रमुख म्हणून नेमलं, पगारी, डान्सर पगारी, दिवे-पडदेवाले पगारी. वर्गणीदार प्रेक्षक हंस-परी बघायला यायचे आणि त्यांना स्टेजभर ओली माती दिसायची, तिच्या १९७५ च्या राइट ऑफ स्प्रिंगमध्ये. लोक दारं आपटून निघून जायचे. तरी पगार चालू राहिला. आपल्याकडच्या कलावंताला हे कळायलाच वेळ लागतो. तू फ्रीलान्स झालीस तर इथं कलावंतांसाठी सामाजिक विम्याची सोय आहे, १९८३ पासून, आरोग्य आणि पेन्शनचा अर्धा हप्ता तू भरायचा, उरलेला अर्धा कला वापरणाऱ्या कंपन्या आणि केंद्र सरकार मिळून भरतं. फॉर्म किचकट आहे, कॉन्ट्रॅक्टचे पुरावे मागतात, पण कर. मी तीन वर्षं आळस केला, ते पैसे परत येत नाहीत.

वुपर्टालच्या ऑपेरा हाऊसला मी पहिल्यांदा बघितलं ते बाउशचं कॉन्टाक्टहोफ, १९७८ चं. नावाचा अर्थ गाठीभेटीचं अंगण, आणि जर्मनमध्ये वेश्यांचं गिऱ्हाईक जिथं ठरतं त्या अंगणालाही हाच शब्द आहे. जुन्या नाचघरासारखा हॉल, भिंतीला लागून खुर्च्या. एक बाई उठते, सरळ आपल्याकडं चालत येते. कडेनं उभी राहते, पाठ दाखवते, केस मागं सारते, तळहात दाखवते, दात दाखवते. जाते. मग बाकीचे सगळे, बाया पण आणि पुरुष पण, तेच.

पाणी आणतीस का. फुलपात्र पण आण.

मला तो प्रयोग पुढं काय झाला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी खुर्चीचे हात धरून बसले होते आणि शेजारची म्हातारी जर्मन बाई हसायली होती, आणि मग ती पण हसायची थांबली. पुरुषांना सुद्धा दात दाखवायला लावले होते बाउशनं. माझ्या आत्तापर्यंतच्या आयुष्यात कुणी पुरुषाला असं उभं केलेलं मी बघितलं नव्हतं.

तर फरक विचारलास ना, माझ्यापुरता हा आहे. न्यूयॉर्कनं सांगितलं, कुणी तुला बघत नाही, चाल. जर्मनीनं सांगितलं, बघायलेत, आम्हाला माहीत आहे, चल ते बघणंच स्टेजवर आणू. पहिल्यात सुटका आहे पण ती माझ्या कातडीपाशी संपते. दुसऱ्यात सुटका नाही, पण खरं बोललं जातं. मला दुसरं जास्त मोठं वाटतं. आणि शरीराला पहिलं पाहिजे असतं. अजून पाहिजे असतं.

पण दुसऱ्याची किंमत असते ती ऐक. बाउशनं १९७८ च्या सुमारापासून डान्सरना प्रश्न विचारून काम करायला सुरुवात केली. लहानपणीची भीती दाखव, कुणी प्रेम केलं नाही ती वेळ दाखव, मग शेकडो उत्तरांतली काही निवडायची आणि जोडायची. आता इथं प्रत्येक गल्लीबोळातला ग्रुप ह्याच पद्धतीनं काम करतो. मी ज्या छोट्या ग्रुपमध्ये होते तिथंही तेच. २०१४ च्या मार्चमध्ये नाना गेले. माझं राहण्याचं कार्ड अकरा दिवसांपूर्वी संपलेलं, नवीन आलेलं नाही, मधला कागद द्यायला ऑफिस तारीख देईना, आणि खिडकीवरची बाई म्हणाली जायचं तर जा पण परत येता येईल का ह्याची हमी आम्ही देत नाही. पोरगं दुसरीत. मी गेले नाही. आमच्या धाकट्या चुलतभावानं अग्नी दिला, मी फोनवर होते, रेंज जायली येयली.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात रिहर्सलला प्रश्न आला, निरोप. मी उठले आणि केलं. नाना सकाळी शाळेत जाताना छत्री काखेत धरून चप्पल घालायचे, एका पायावर, दाराच्या चौकटीला हात न लावता, ते केलं. नुस्तं तेवढंच. लोक रडले. दिग्दर्शक म्हणाली हे घ्यायचं. सतरा प्रयोग झाले त्याचे. मी अंबाजोगाईला त्यांच्या वर्षश्राद्धाला पोचायच्या आधी वुपर्टालच्या आसपासच्या पाच-सहाशे लोकांनी नानांना चप्पल घालताना बघितलं होतं, आणि सतराव्या वेळी मला काहीच वाटलं नाही, मी पुढच्या सीनचा विचार करायले होते. आता ते मला आठवायचं म्हटलं तर नाना दिसत नाहीत, मीच दिसते, स्टेजवरची. हे कुणी माझ्याकडून हिसकावून घेतलं नाही गं, मी दिलं. तू जर्मनीला आलीस तर दोन-तीन आठवणी आत्ताच बाजूला काढून ठेव आणि कुणी कितीही सुंदर प्रश्न विचारला तरी त्या देऊ नकोस.

शाळेचं. तुझं लेकरू पाच वर्षांचं म्हणजे माझं आलं तेव्हाचंच वय. इथं पहिलीच्या आधी सरकारी डॉक्टर तपासतात, एका पायावर उड्या मार, रेषेच्या दोन्ही बाजूंनी उड्या मार, चित्र काढ, शब्द म्हण. मी कोपऱ्यात बसून बघायले होते आणि माझ्या पोटात तीच सतरंजी. उड्या चांगल्या मारल्या त्यानं. शब्द आले नाहीत. तेव्हा ठीक होतं, नवीनच होता. पण चौथीत, म्हणजे दहाव्या वर्षी, शाळा शिफारस देते पोरगं पुढं कुठल्या प्रकारच्या शाळेत जावं ह्याची, गिम्नाझियम म्हणजे थेट विद्यापीठाची वाट, नाहीतर खालच्या दोन. तोपर्यंत तो माझ्यापेक्षा चांगलं जर्मन बोलत होता, गणितात वर्गात पुढं होता. बाई म्हणाल्या, शांत मुलगा आहे, वर्गात हात वर करत नाही, घरी कोणती भाषा बोलता? मी म्हणलं मराठी. त्यांनी मान हलवली, जसं काही उत्तर सापडलं. गिम्नाझियमची शिफारस दिली नाही. आणि आमच्या राज्यात ती शिफारस बंधनकारक नसते, शेवटचा निर्णय आईबापाचा असतो, हे मला नंतर कळलं. म्हणजे कागदावर लिहिलेलं असणार, मी बघितलं नसणार. आम्ही मास्तरच्या घरातली माणसं, शाळेनं सांगितलं म्हणजे झालं. भांडायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आणि वर, मला सांगायला लाज वाटते, मी वर्षभर त्याच्याशी घरात तोडकंमोडकं जर्मन बोलले, त्या एका मान हलवण्यामुळं. त्याचं मराठी तिथं जे अडकलं ते अडकलं. आजीशी फोनवर तो 'बरी आहेस का' च्या पुढं जात नाही.

तो आता मेकॅट्रॉनिकचं ट्रेनिंग करतो, पगार मिळतो, खुश आहे, मला म्हणतो आई तू अजून त्या बाईंचं काय घेऊन बसलीस. बसलेय खरी. तू बसू नकोस, तू जा आणि भांड, आणि घरात मराठीच बोल, लातूरचंच बोल.

एकटेपणाचं तू विचारलंस. असतो. वर्षभर जास्त असतो मग कमी होतो. पुढं.

मग जायचं कुठं? पोरगा पाच वर्षांचा, पैसा मोजका, तर जर्मनी. सरकारी विद्यापीठात शिकणं परवडतं, एसेनला फोल्कवांग आहे, बर्लिनला एचझेडटी हे नाचाचं विद्यापीठ केंद्र आहे, तिथलं वातावरण एसेनपेक्षा जास्त मोकळं, जास्त प्रयोगाचं, तुला कदाचित तेच मानवेल. जर्मन आत्तापासून शिक, इंग्रजीवर चालतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, स्टुडिओत चालतं, सरकारी ऑफिसच्या खिडकीवर चालत नाही. पण न्यूयॉर्कला एकदा जाच, सुट्टीत, महिनाभर, नवऱ्याला आणि लेकराला घेऊन नको, एकटी. सोमवारी जडसनला जा.

आणि निघायच्या आधी चंद्रलेखा ह्या आपल्या नृत्यकर्तीचं जे काही बघायला-वाचायला मिळेल ते बघ. ती जन्मानं आपल्या महाराष्ट्रातली, वाड्याची, १९२८ ची, काम केलं मद्रासला. १९८५ ला अंगिका केलं तिनं, भरतनाट्यममधून देवादिकांच्या गोष्टी काढून टाकल्या आणि कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग ह्यांच्याशी शरीर जोडलं. बाउशशी तिची मैत्री होती. मला हे नाव विद्यापीठात कुणी सांगितलं नाही, मला ते वुपर्टालमध्ये एका जर्मन म्हाताऱ्यानं सांगितलं, आणि मी त्याच्यासमोर मान हलवली जशी काही मला माहीतच होती.

मी आता नाचत नाही. आठवड्यातून दोनदा एका वृद्धांच्या केंद्रात हालचालीचा तास घेते. व्यायाम करून झाला की शेवटची दहा मिनिटं मी त्यांना फक्त चालायला सांगते, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधे तीन खुर्च्या, वाटलं तर बसा. वॉकर घेऊन येतात बिचारे. एक ८८ वर्षांची बाई आहे, ती दर वेळी मधल्या खुर्चीपाशी येऊन बसते आणि लवकर उठतच नाही, सगळे पोचलेले असतात, आणि आम्ही थांबतो. ती काही दाखवायला बसत नाही, तिला दम लागलेला असतो. मागच्या गुरुवारी ती बसलेली असताना मी पण पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.

दाखल्याचं उद्याच बघ, नगरपालिकेत दुपारी दोनच्या आत जा. आणि लेकराला सायकल शिकव, इथं चौथीत शाळेतच सायकलची परीक्षा असते, पोलीस येऊन घेतात.